रोबोटचा हात घसरतो कुठे?

फोटो टांगायला भिंतीवर पेन्सिलीने फुली काढावी, ड्रिल टेकवावं आणि बिटने फुली सोडून शेजारीच ओरखडा काढावा, हा अनुभव पुष्कळांना असेल. म्हणूनच कुपवाडच्या एमआयडीसीतला कारागीर जॉबवर, म्हणजे ज्या धातूच्या तुकड्यावर काम करायचं त्यावर, आधी सेंटर पंच मारतो. त्या इवल्या खळग्यात टोक बसलं की जागा सुटत नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून सांगली जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेलं हे काम. विमानाच्या पत्र्यांना रिव्हेटसाठी भोकं पाडणारा रोबोटही असाच घसरतो, पण त्याचं कारण वेगळं आहे.

कारखान्यातलं संगणकावर चालणारं सीएनसी मशीन म्हणजे बिडाचं जड धूड. रोबोट म्हणजे सहा सांध्यांचा लांब हात, आणि प्रत्येक सांध्यातला गिअरबॉक्स किंचित लवतो. मोठ्या रोबोटचं टोक एक न्यूटन रेट्याला साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हलतं. चांगल्या मशीनला तेवढं हलवायला पन्नासेक न्यूटन लागतात. समजा बिट ३०० न्यूटनने, म्हणजे तीस किलोच्या ओझ्याएवढ्या जोराने दाबायचं आहे. हात ०.३ मिलिमीटर वाकला. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड, म्हणजे चार केसांएवढी चूक! विमानाच्या कामात सूट असते ती जेमतेम ०.२ मिलिमीटरची.

हात सरळ मागे वाकला असता तरी निभावलं असतं. कोपर जरा दुमडून पेनचं टोक भिंतीला टेकवा आणि जोरात रेटा. रेटा सरळ असतो, तरी टोक खाली नाहीतर बाजूला सरकतं. रोबोटचंही तेच होतं. शिवाय कोन मोजणारा एन्कोडर बहुधा मोटरवर, गिअरबॉक्सच्या अलीकडे असतो. पलीकडे सांधा किती लवला हे त्याला कळतच नाही, त्यामुळे हात जागेवरच आहे असं कंट्रोलर धरून चालतो. काही ठिकाणी सांध्याच्या पलीकडच्या बाजूला दुसरा एन्कोडर बसवतात. त्याने बराच फरक पडतो, पण हाताचं वाकणं त्यालाही पुरतं दिसत नाही.

मला सर्वांत सुंदर वाटतो तो दाबाचा उपाय. बिटभोवती एक पोकळ नळी असते, तिला प्रेशर फूट म्हणतात. बिट फिरत पुढे येण्याआधीच ती पत्र्यावर, समजा, ५०० न्यूटनने दाबायची. मनगटातला बलसंवेदक तिन्ही दिशांचा जोर सतत मोजतो. बाजूचा जोर जाणवला की कंट्रोलर हात तेवढाच उलट हलवून तो शून्यावर आणतो. वाकायचं ते वाकून झालं, त्याची दुरुस्तीही झाली. आता बिट ३०० न्यूटनने आत शिरतं, तेव्हा नळीवरचा दाब २०० वर उतरतो. बेरीज तीच राहते. ओझं तेवढंच, फक्त खांदा बदलला. रोबोटला नवं काही सोसावं लागत नाही, म्हणून तो हलत नाही.

उरतो तो शेवटचा क्षण, बिट पलीकडे निघतानाचा. विरोध एकदम संपतो, बिट पुढे झेपावतं आणि भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूची धारदार कोर, उठते. कार्बन फायबरखाली टायटॅनियम असेल तर दोन्हींत भोक पाडायचा वेगही वेगळा ठेवावा लागतो. म्हणून स्पिंडलच्या, म्हणजे बिट फिरवणाऱ्या दांड्याच्या, मोटरला लागणाऱ्या विजेतला बदल हेरून कंट्रोलर भोक चालू असतानाच फीड, म्हणजे बिट पुढे सरकायचा वेग, बदलतो. हाताने ड्रिल चालवणारा कारागीर हा क्षण आवाजावरून ओळखतो. आवाज बदलला की लिव्हरवरचा त्याचा हात आपोआप सैल पडतो.