लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याने वाळवंटी खडकांचे छायाचित्रण

फिल्मच्या सुट्या, निदान ४ × ५ इंचांच्या तुकड्यांवर (शीट फिल्म) वाळवंटातले कडे, सुळके, कमानी आणि घळी टिपण्याची पद्धत. ती सर्वांत खोल रुजली अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, कोलोरॅडो पठारावर. युटा, ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडो या चार राज्यांचे कोपरे तिथे एकमेकांना भिडतात. इथला वालुकाश्म म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्याच. वाऱ्याने रचलेले तिरके थर दगडात जसेच्या तसे दिसतात आणि लोहाच्या ऑक्साइडमुळे दगड तांबूस झालेला असतो. ४ × ५ इंची फिल्मचे क्षेत्रफळ ३५ मिमी फिल्मच्या चौकटीच्या सुमारे तेरापट भरते. त्यामुळे भिंतीएवढ्या प्रिंटमध्येही हे थर एकेक करून मोजता येतात.

सुरुवात सरकारी मोजणीच्या मोहिमांपासून झाली. टिमोथी ओसुलिव्हन हा यादवी युद्धातला छायाचित्रकार १८६७ मध्ये क्लॅरेन्स किंगच्या आणि पुढे जॉर्ज व्हीलरच्या मोहिमेबरोबर पश्चिमेकडे गेला. तेव्हा काचेवर कोलोडियन (एक चिकट द्रव) ओतून ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्याआधी डेव्हलप करायची अशी रीत होती. वाळवंटाच्या कोरड्या हवेत हे सगळे काही मिनिटांत उरकावे लागे, म्हणून डार्करूम बरोबरच फिरे. नेव्हाडातल्या कार्सन वाळवंटाच्या १८६७ च्या चित्रात ओसुलिव्हनची खेचरगाडी वाळूत उभी दिसते आणि तिच्यापासून कॅमेऱ्यापर्यंत आलेली पावलेही दिसतात. अशाच मोहिमांतला दुसरा छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन याने तर १८७५ मध्ये २० × २४ इंचांच्या काचा खेचरांवर लादून डोंगरात नेल्या.

त्या काचांना फक्त निळा आणि अतिनील प्रकाश कळे, लाल कळतच नसे. म्हणून त्या काळच्या चित्रांत आभाळ कोरे पांढरे दिसते आणि तांबडा कडा काळपट, जड. १९०६ मध्ये सर्व रंगांना संवेदनशील अशा पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या आणि निवड छायाचित्रकाराच्या हाती आली. लाल फिल्टर लावला की आभाळ काळवंडते आणि तोच कडा उजळतो. हिरवा किंवा निळा लावला की कडा पुन्हा गडद होतो. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टवर हा खेळ चालत नाही. तिथे फिल्टरने आभाळ बदलते, दगड जवळजवळ तसाच राहतो. लाल वालुकाश्माला कृष्णधवल चित्रात स्वतःचा असा करडा रंग नाही, तो द्यावा लागतो, आणि या छायाचित्रणाचे मर्म मला इथेच दिसते.

ॲरिझोनातल्या कॅन्यन द शेची दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. तिथे उभ्या कड्याच्या कपारीत प्राचीन पुएब्लो लोकांची (इथल्या मूळ रहिवाशांची) घरे आहेत, त्यांना ‘व्हाइट हाउस’ म्हणतात. ओसुलिव्हनने ती १८७३ मध्ये टिपली. कड्यावरून उतरलेले काळे ओघळ (मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप, ज्याला वाळवंटी व्हार्निश म्हणतात) चित्रभर पसरलेले आहेत. भग्न भिंतींपाशी मुंगीएवढी माणसे उभी आहेत, ती नजरेस पडली की कड्याची उंची एकदम अंगावर येते. १९४१-४२ च्या सुमारास ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन निसर्गछायाचित्रकाराने जवळपास त्याच जागेवरून, तशाच उन्हात हाच कडा टिपला. जुन्या छायाचित्रकाराला याहून मोठी मानवंदना मला ठाऊक नाही.

कॅमेरा म्हणजे दोन चौकटी आणि मधला भाता. पुढच्या चौकटीत लेन्स, मागच्या चौकटीत घासलेली काच. डोक्यावर काळे कापड घेतले की त्या काचेवर दृश्य उलटे दिसते, खालचे वर आणि डावे उजवीकडे. सवय झाली की हा उलटेपणा उपयोगीच पडतो. खडकाचे नाव विसरले जाते आणि नुसते आकार उरतात. कॅमेरा वर न वाकवता पुढची चौकट वर सरकवली की उंच सुळका सरळ उभा राहतो, मागे कलल्यासारखा दिसत नाही. लेन्स पुढे झुकवली तर पायाशी पडलेला भेगाळ दगड आणि दूरचा कडा एकाच वेळी स्पष्ट होतात. लेन्सची, फिल्मची आणि फोकसची अशी तिन्ही प्रतले एका रेषेत मिळावी लागतात. हे तत्त्व ऑस्ट्रियाच्या थिओडोर शाइम्फ्लुगच्या नावाने ओळखले जाते, त्याने १९०४ मध्ये त्यावर पेटंट घेतले. मग भिंगाने काचेवर फोकस तपासायचा, छिद्र एफ/२२ किंवा एफ/३२ पर्यंत लहान करायचे, शटर बंद करून फिल्म होल्डर सरकवायचा, झाकणपट्टी ओढायची आणि वारा पडायची वाट पाहायची. भाता वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि कॅमेरा थरथरला तर सगळी मेहनत वाया जाते. एका होल्डरमध्ये दोनच फिल्म असतात, त्यामुळे दिवसाकाठी चार-सहा चित्रे झाली तरी काम झाले म्हणायचे.

उन्हातला कडा आणि सावलीतली घळ यांच्यातला फरक बहुतेक फिल्मना एकदम पेलवत नाही. त्यासाठी ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास झोन सिस्टिम, म्हणजे प्रकाश आणि डेव्हलपिंग आधीच बेतण्याची पद्धत, बसवली. ज्या सावलीत तपशील हवा तिचे स्पॉट मीटरने (दृश्यातल्या लहानशा भागाचा प्रकाश मोजणाऱ्या उपकरणाने) माप घ्यायचे आणि मीटर सांगेल त्याहून दोन स्टॉप कमी, म्हणजे एक चतुर्थांश, प्रकाश द्यायचा. उन्हातला भाग फारच प्रखर असेल तर ती फिल्म कमी वेळ डेव्हलप करायची. शीट फिल्मचा खरा फायदा हाच. रिळातली सगळी चित्रे एकत्र डेव्हलप होतात, इथे प्रत्येक फिल्मला वेगळा वेळ देता येतो.

अरुंद घळींत प्रकाश इतका कमी असतो की फिल्मची संवेदनशीलताच मंदावते. कोडॅकच्या ट्राय-एक्स या कृष्णधवल फिल्मचे जुने कोष्टक सांगते, की मीटरने १० सेकंद दाखवले तर ५० द्या आणि १०० दाखवले तर १२००, म्हणजे तब्बल वीस मिनिटे. घळीतला रंग मात्र विलक्षण असतो. वर ऊन पडलेल्या भिंतीवरून उडालेला प्रकाश समोरची भिंत केशरी करतो, तर आभाळाकडे तोंड असलेला ओला दगड निळा दिसतो. एलियट पोर्टर या छायाचित्रकाराने ४ × ५ च्या रंगीत फिल्मवर हा प्रकाश टिपला तो कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यनमध्ये. १९६३ मध्ये तिथल्या धरणाचे पाणी अडवले गेले आणि त्या घळी धरणाच्या लेक पॉवेल या जलाशयाखाली गेल्या. पोर्टरच्या चित्रांचे पुस्तक त्याच वर्षी निघाले. अलीकडे दुष्काळात पाणी उतरल्यावर काही कोपरे पुन्हा उघडे पडले.

सर्वांत मोठा शत्रू धूळ. होल्डरमध्ये शिरलेला एक कण फिल्मवर बसला की तेवढ्या जागी प्रकाश पोचत नाही आणि प्रिंटच्या आभाळात काळा ठिपका उमटतो. म्हणून होल्डर झिपच्या पिशव्यांत ठेवतात आणि फिल्म रात्री, खिडकी बुजवलेल्या न्हाणीघरात भरतात. दुपारी चेंजिंग बॅगमध्ये (फिल्म भरायच्या प्रकाशबंद पिशवीत) हात घातले तर घाम फिल्मवर उतरतो.

यातली पुष्कळशी जमीन नावाहो या मूळ रहिवासी लोकांची आहे. मॉन्युमेंट व्हॅली १९५८ पासून त्यांचे ट्रायबल पार्क आहे आणि धंदेवाईक छायाचित्रणासाठी तिथे परवाना लागतो. ऑगस्ट १९९७ मध्ये अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक लोंढा आला आणि ११ जण वाहून गेले; तिथे आता वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. घळीच्या तोंडाशी आभाळ निळे असले तरी वीस कोसांवरचा पाऊस आत येऊ शकतो, हे या कामात पक्के ध्यानात ठेवावे लागते.

१९७७ ते १९७९ या काळात मार्क क्लेट हा छायाचित्रकार आणि त्याचे सहकारी यांनी ओसुलिव्हन, जॅक्सन वगैरेंच्या जुन्या जागा शोधून तीच चित्रे पुन्हा घेतली. जवळच्या आणि दूरच्या खडकांमधली अंतरे जुन्या प्रिंटवर मोजून कॅमेऱ्याची मूळ जागा ठरवली जाई. बऱ्याच ठिकाणी खडक शंभर वर्षांनी जवळपास तसेच सापडले. युटातल्या वेबर खोऱ्यातल्या ‘विचेस रॉक्स’ इथे मात्र ओसुलिव्हनचे १८६९ चे चित्र जुळेचना. कॅमेरा तिरका केला तेव्हा ते जुळले. चित्रात सरळ उभे दिसणारे ते सुळके ओसुलिव्हनने क्षितिज कलवून टिपले होते.