जर्सीतला कापूस आणि खानदेशातलं शेत

आमचा कापूस पर्यावरणाची काळजी घेऊन पिकवलेला आहे, असं आदिदाससारखी खेळाच्या कपड्यांची कंपनी आज सांगते. याची सुरुवात २००५ मध्ये, डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या बैठकांतून झाली. पुढे आदिदास, आयकिया, गॅप, एच अँड एम यांच्या साथीने २००९ मध्ये 'बेटर कॉटन इनिशिएटिव्ह' ही शेतकऱ्यांना असा कापूस पिकवायचं प्रशिक्षण देणारी संस्था उभी राहिली. तिच्या पद्धतीने पिकवलेला पहिला कापूस २०१०-११ च्या हंगामात निघाला, त्यात भारतही होता.

खानदेशचा कापूस मात्र दीडशे वर्षांपूर्वीपासून जगाच्या बाजारात आहे. अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१-६५) पेटलं, तिकडची रुई इंग्लंडला मिळेना आणि इथल्या कपाशीला तेजी आली. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोचली. पुढे जळगाव, अमळनेरला गिरण्या निघाल्या. अमळनेरच्या प्रताप मिलचे प्रतापशेठ यांनी गावात तत्त्वज्ञान मंदिर उभारलं; त्यांच्या नावाच्या हायस्कुलात साने गुरुजींनी शिकवलं. उद्योगाने समाजासाठी काही करावं, हे आपल्याकडे कंपन्यांच्या अहवालांच्या फार आधीपासून होतं.

२००२ मध्ये बीटी कपाशीला (जनुकीय बदलामुळे बोंडअळीला स्वतःच रोखणाऱ्या वाणांना) परवानगी मिळाली आणि बोंडअळीची फवारणी सुरुवातीला कमी झाली. पण गुलाबी बोंडअळी पुन्हा आली, २०१७ च्या हंगामात तर राज्यभर. फरदड (हंगाम संपल्यावर तीच कपाशी ठेवून घेतलेलं पीक) घेऊ नका, कामगंध सापळे (गंधाने नर पतंग ओढून पकडणारे) लावा, गरज असेल तरच फवारा, हे सल्ले तेव्हापासून गावोगाव पोचले. बेटर कॉटनचं प्रशिक्षणही याच धाटणीचं असतं.

पण जर्सीतला कापूस नेमका कोणत्या शेतातला, हे सांगण्यातली खरी मेख जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात आहे. तिथे खेडा खरेदीतला (व्यापाऱ्यांनी गावात जाऊन घेतलेला) दहा गावांचा कापूस एका ढिगात पडतो. म्हणून बेटर कॉटनने बरीच वर्षं फक्त हिशोब जुळवला: कंपनीने जितका कापूस नोंदवला, तितका कुठेतरी या पद्धतीने पिकलेला असायचा. तिच्या टी-शर्टातला धागा त्याच शेतातला असेल, याची हमी नव्हती. कापसाचा माग काढण्याची सोय २०२३ च्या अखेरीस आली.

ही सुधारणा मोलाची आहे, पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो भाव. या कापसाला वेगळा जादा दर ठरलेला नाही. शेतकऱ्याचा फायदा खर्च वाचण्यात आणि उत्पादन वाढण्यात धरलेला आहे. बोंडअळीचं किंवा अवकाळीचं वर्ष आलं, की तो फायदा पहिल्या वेचणीआधीच निघून जातो.