खडकाळ किनाऱ्यावरील सूर्यास्ताचे छायाचित्रण

लाटांनी झिजलेला खडक, त्यावरून ओसरणारे पाणी आणि मावळता सूर्य एका चौकटीत आणणारा निसर्ग छायाचित्रणाचा प्रकार. नाशिकला समुद्र नाही, पण खडक तोच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झालेला काळा बेसॉल्ट गोदावरीच्या पात्रात आहे, तसाच हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावरही आहे. नाशिककराचा हात बसायला गंगापूर धरणाचे बॅकवॉटर पुरते. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठचे खडक उघडे पडतात आणि समोर सूर्य त्र्यंबकच्या डोंगरांकडे उतरतो. मात्र हे डोंगर आड येत असल्याने तो क्षितिजाला टेकण्याआधीच दिसेनासा होतो. पाण्यात बुडणारे बिंब हवे असेल तर जव्हारमार्गे डहाणूकडे किंवा खाली कोकणात उतरावेच लागते.

जाण्याचा दिवस ठरवताना तारखेआधी तिथी बघावी. कोकणातला जुना हिशेब असा की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे ऐन सूर्यास्ताला पाणी भरलेले आणि बरेचसे खडक बुडालेले. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, म्हणून संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी. हे उधाणाचे दिवस असल्याने पाणी दूरवर हटते आणि एरवी झाकलेले खळगेही उघडे पडतात. सगळ्यांत सोयीची चतुर्थी-पंचमी. भरती तीन-पावणेचारला होऊन गेलेली, पाणी उतरणीला लागलेले, खडक ओले. द्वादशीला मात्र भरती नऊची असते. डोळा व्ह्यूफाइंडरला लावून बसलेल्या माणसाच्या मागची वाट पाणी केव्हा अडवते, ते त्याला कळतही नाही. हा हिशेब ढोबळ आहे, म्हणून त्या गावच्या कोळीवाड्यात विचारल्याशिवाय खडकांवर उतरू नये. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग समुद्राला लागून असलेल्या कोरीव खडकांवरून जातो. भरतीच्या वेळी तिथे थांबणे जिवावर बेतू शकते. पावसाळ्यात तर हा नाद करूच नये.

बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पुरते बुडेपर्यंत आपल्या अक्षांशावर जेमतेम सव्वादोन-अडीच मिनिटे मिळतात. किरण हवेतून येताना वाकतात, त्यामुळे बिंब चपटे दिसते. खरा सूर्य तेव्हा क्षितिजाखाली गेलेलाही असतो. मावळण्याची जागा वर्षभर सरकत राहते. जूनअखेर ती पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला असते, डिसेंबरात तितकीच दक्षिणेला. डिसेंबरात दोन सुळक्यांच्या फटीत नेमका बसलेला सूर्य मे महिन्यात तिथे सापडत नाही.

कोरडा बेसॉल्ट प्रकाश गिळतो आणि चित्रात नुसता काळा गठ्ठा होऊन बसतो. ओला झाला की त्याच्या कडा चमकतात. रत्नागिरीकडचा जांभा मुळातच तांबूस असल्याने तिरप्या उन्हात आणखी रंगतो. पाणी खडकावरून उतरताना जवळून बघावे. आधी फेसाचा पातळ पडदा, मग खाचांतून निथळणाऱ्या धारा, शेवटी खळग्यात उरलेले ओंजळभर पाणी आणि त्यात अख्खे केशरी आभाळ. शटर अर्धा ते दोन सेकंद उघडे ठेवले की या धारांच्या रेषा होतात. तीस सेकंदांना पाण्याचे धुके होते. ते चित्र शांत दिसते खरे, पण त्यात समुद्र उरत नाही. ही पद्धत फार बोकाळली आहे. एवढा वेळ शटर उघडे ठेवायला ट्रायपॉड आणि एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची प्रकाश कमी करणारी काळसर काच लागते. दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे सहा स्टॉपचा फिल्टर तो ६४ पटींनी कमी करतो, म्हणजे १/१५ सेकंदाचे शटर सुमारे चार सेकंदांवर जाते.

सूर्य बुडाला की बहुतेक लोक सामान आवरतात. ती घाई महागात पडते. उंचावरच्या पिंजलेल्या ढगांना खालून रंग चढतो तो त्यानंतरच, आणि पुढची पंधरा-वीस मिनिटे खडक-पाण्याचा मेळ जसा बसतो तसा आधी कधीच बसत नाही. परतताना हातात टॉर्च हवी. हिरव्या शेवाळावरून पाय सटकतो आणि आधाराला हात टेकावा तर कालवांच्या धारदार कडा तळवा चिरतात.

नाशिकला पोचल्यावर झोपण्याआधी ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवावेत. खारे पाणी पेचांना गंज चढवते, आणि वाळूचा कण आत राहिला तर पुढच्या खेपेला पाय करकरत अडकतो.