फाइलीत हायफन, मॉड्यूलमध्ये अंडरस्कोर

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात लिनक्स पीसीवर पेन ड्राइव्ह बंद करायचा असतो. लोड झालेली मॉड्यूल्स, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जोडले जाणारे तुकडे, दाखवणाऱ्या एलएसमॉडच्या यादीत ‘यूएसबी-स्टोरेज’ ग्रेप करतात (हा शब्द शोधतात), काही सापडत नाही, आणि मॉड्यूल लोडच नाही असं ठरवून टाकतात. ते तिथेच असतं, ‘यूएसबी_स्टोरेज’ या नावाने.

डिस्कवर यूएसबी-स्टोरेज.केओ ही फाइल असते. कर्नल बांधताना केबिल्ड ही त्याची बांधणी-व्यवस्था त्यातल्या हायफनच्या जागी अंडरस्कोर घालून मॉड्यूलचं नाव ठरवतं, कारण ते नाव सी भाषेत आयडेंटिफायर (कोडमधलं नाव) म्हणून लागतं आणि सीमध्ये हायफन म्हणजे वजाबाकी. फाइलीचं नाव मात्र बदलत नाही. म्हणून एलएसमॉड, /प्रॉक/मॉड्यूल्स आणि /सिस/मॉड्यूल इथे नेहमी अंडरस्कोरच दिसणार.

उलटा, म्हणजे मॉड्यूलच्या नावावरून फाइलीच्या नावाचा, अंदाज बांधता येत नाही, आणि खरी अडचण हीच आहे. एसएनडी_एचडीए_इंटेलची फाइल हायफनवाली, तर एनएफ_कॉनट्रॅकच्या फाइलीतच अंडरस्कोर. ज्याने लिहिलं त्याची आवड, नियम कुठलाच नाही. तेव्हा ‘मॉडइन्फो -एन’ पुढे मॉड्यूलचं नाव द्या, पूर्ण पाथ मिळतो. फाइंडने शोधू नका. फाइल कॉम्प्रेस केलेली असून शेवटी .केओ.एक्सझेड किंवा .केओ.झेडएसटी असलं तरी .केओ शोधणारी स्क्रिप्ट फसते.

मॉड्यूल लोड करणारं मॉडप्रोब, माहिती देणारं मॉडइन्फो आणि मॉडप्रोब.डी या कॉन्फिग फोल्डरमधल्या ओळी दोन्ही चिन्हं एकच मानतात. या सवलतीमुळेच गोंधळ टिकून आहे. ग्रेप मानत नाही. थेट फाइल लोड करणाऱ्या इन्समॉडला तर फाइलीचा अचूक पाथच लागतो, शिवाय मॉड्यूल ज्यांच्यावर अवलंबून आहे ती मॉड्यूल्स ते स्वतः लोड करत नाही. स्वतः बांधलेलं मॉड्यूल तपासण्यापलीकडे ते वापरूच नये.

त्यात तिसरी जागा ड्रायव्हरच्या नावाची: /सिस/बस/यूएसबी/ड्रायव्हर्समध्ये पुन्हा हायफनवालं ‘यूएसबी-स्टोरेज’. तिथून उचललेलं नाव एलएसमॉडवर चालवू नका.

कॅपिटल-स्मॉलची सवलत मात्र कुठेच नाही. फायरवॉलच्या मॉड्यूल्समध्ये ‘एक्सटी_’पुढचं टीसीपीएमएसएस कॅपिटलमध्ये असेल तर ते टार्गेट (पॅकेटवर करायची कृती), स्मॉलमध्ये असेल तर मॅच (पॅकेट जुळवायची अट), मॉड्यूल्स दोन वेगळी.

कॉन्फिगमध्ये सगळीकडे अंडरस्कोरच लिहा, म्हणजे ग्रेप कामाला येतो. पेन ड्राइव्हसाठी नुसतं ‘ब्लॅकलिस्ट यूएसबी_स्टोरेज’ पुरत नाही: यूएएस हे वेगवान यूएसबी डिस्कचं मॉड्यूल त्यावर अवलंबून असल्याने, यूएएस लोड झालं की यूएसबी_स्टोरेजही ओढलं जातं. ‘इन्स्टॉल यूएसबी_स्टोरेज /बिन/फॉल्स’ ही ओळ घाला, आधीच लोड असेल तर ‘मॉडप्रोब -आर’ने आधी यूएएस, मग यूएसबी_स्टोरेज काढा, आणि /सिस/मॉड्यूलमध्ये त्याची डिरेक्टरी उरली नाही ना ते बघा.