शिंका कशाने येतात? गादी-सोफा धुऊन घेण्यापूर्वी वाचा

‘धूळ झाली, शिंका येतात’ म्हणून गादी-सोफा धुवायला आम्हाला बोलावण्याआधी आठवडाभर एवढं टिपून ठेवा: शिंका कधी येतात, कोणत्या खोलीत येतात आणि किती वेळ चालतात. काही शिंकांशी गादीचा काडीचाही संबंध नसतो.

परफ्यूम, धूर, मिरपूड यांनी नाकाच्या आतले चेतातंतू थेट चाळवतात. तिथून बाजूला झालं की शिंका थांबतात. उन्हात पाऊल ठेवताच दोन-तीन शिंका येणं बऱ्याच जणांत अनुवंशिक असतं. गार खोलीतून एकदम गरम हवेत गेल्यावरही काहींना शिंका येतात. यांवर आमच्याकडे इलाज नाही.

अ‍ॅलर्जीत शिंका एकामागून एक येतात, नाकातून पाणी गळतं, डोळे आणि टाळू खाजतात, ताप मात्र नसतो. सर्दी साधारण ७ ते १० दिवसांत ओसरते; अ‍ॅलर्जी आठवडेच्या आठवडे चालते. परागकणांचा त्रास ठराविक ऋतूत आणि बाहेर जास्त होतो. सकाळी उठल्या उठल्या किंवा अंथरूण झटकताना शिंका येत असतील, तर संशय गादी-उशीवर घ्यायचा.

तिथे राहतात ते धुळीतले माइट, म्हणजे अगदी बारीक जीव. आकार ०.२ ते ०.३ मिलिमीटर. ते चावत नाहीत, आपल्या त्वचेचा कोंडा खाऊन जगतात. मुख्य त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा, म्हणून नुसते मारून भागत नाही, धुऊन काढावे लागतात. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. गार पाण्याने प्रथिनं बरीच निघतात, पण माइट बरेचसे जिवंत राहतात. गरम पाणी न सोसणारी मऊ खेळणी उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये २४ तास ठेवा आणि मग धुवा. गादी-उशीला घट्ट विणीचं, चेनचं कव्हर घाला. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर माइट फारसे तग धरत नाहीत.

मांजर-कुत्र्याच्या बाबतीत दोष केसांना दिला जातो. खरी अ‍ॅलर्जी त्यांच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनांची असते आणि ती सोफ्यात महिनोन्‌महिने टिकतात.

साफसफाईच उलटते ती अशी: कोरड्या फडक्याने झटकलेली धूळ हवेत तरंगत राहते, तेव्हा फडकं ओलसर हवं. साध्या पिशवीचा व्हॅक्युम क्लीनर बारीक धूळ मागून बाहेर सोडतो. हेपा फिल्टरचा, म्हणजे बारीक धूळही अडवणाऱ्या गाळणीचा वापरा. आणि सर्वांत वाईट म्हणजे धुतलेल्या गादीवर घाईने चादर घालणं. वरून हाताला कोरडी लागली तरी आत ओल असते आणि बुरशी धरते. शिवणीजवळ टिश्यू पेपर ठेवून गुडघ्याने दाबा. कागद ओलसर झाला तर गादी उभी करून पंखा चालू ठेवा, चादर नको.

शिंक आली की नाक-तोंड दाबून धरू नका, कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. चोंदलेलं नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब किंवा स्प्रे डॉक्टरांना न विचारता तीन दिवसांपेक्षा जास्त वापरू नका, नाक उलट अधिक चोंदतं. श्वासाला घरघर असेल किंवा एकाच नाकपुडीतून सतत स्राव किंवा रक्त येत असेल, तर गादी राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा.