अ‍ॅल्युमिनियम हेडमधील जाम प्लग काढणे

पेट्रोल इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, घट्ट बसलेला स्पार्क प्लग हेडचे आटे न मारता बाहेर काढण्याचे काम. प्लग स्वस्त आणि हेड महाग, त्यामुळे या कामात प्लगपेक्षा आट्यांना जपावे लागते.

साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनत असे, तेव्हा ही तक्रार फारशी नव्हती. त्या टू-स्ट्रोक इंजिनाचा प्लग तेलाने काळा पडायचा, तो घासायला वरचेवर काढावाच लागे. आजच्या फोर-स्ट्रोकचा प्लग हजारो किलोमीटर कुणी हलवत नाही. त्यात महाबळेश्वर, पाटणकडचा पाऊस. प्लगभोवतीच्या खड्ड्यात पाणी साचून राहते.

प्लगचे अंग पोलादी असते. ओल मिळाली की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि तिच्यात झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. त्याचा पांढरा ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आट्यांच्या फटीत दाटून बसतो. आतल्या टोकाला, ज्वलनकक्षाच्या बाजूने, आट्यांवर कार्बन चढतो तो वेगळाच. शिवाय पान्याला पाइप लावून प्लग आवळण्याची सवय आहेच.

काढण्यापूर्वी खड्ड्यात हवा मारून माती उडवावी, नाहीतर ती थेट सिलिंडरात जाते. इंजिन थंड किंवा फार तर कोमट असावे. तापलेल्या हेडचे मऊ आटे प्लगला चिकटून येतात. गंज सोडवणारे तेल प्लगच्या बुडाशी सोडून काही तास, जमल्यास रात्रभर, थांबावे. मग नेमक्या मापाचा प्लगपाना सरळ धरून प्लग पाव फेऱ्याहून कमी ढिला करावा, पुन्हा तेल सोडावे, थोडा आवळावा, परत ढिला करावा. करकर वाढली की मागे फिरावे. घाईचे गिऱ्हाईक समोर उभे असले की नेमकी हीच पायरी गाळली जाते. पाना तिरका झाला तर प्लगची चिनीमाती फुटते. प्लगचे अंगच तुटले तर उरलेला तुकडा उलट आट्यांच्या एक्स्ट्रॅक्टरने काढावा लागतो.

आटे गेलेच तर हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) किंवा बुश (आतून आटे असलेली नळी) बसवतात. हेड न उतरवता हे करायचे तर टॅपच्या (आटे पाडण्याच्या हत्याराच्या) खाचांत ग्रीस भरतात, म्हणजे बराचसा कीस त्यातच अडकतो. तरीही हेड उतरवून लेथवर केलेले काम अधिक भरवशाचे.

नवा प्लग आधी हातानेच फिरवत बसवावा. वॉशरवाल्या १४ मिमी प्लगला अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १० मिमीला १० ते १२ न्यूटन-मीटर एवढाच पीळ (टॉर्क) पुरतो. आट्यांना कॉपर ग्रीस लावण्याबाबत मतभेद आहेत: निकेल किंवा जस्ताचा मुलामा असलेल्या प्लगला त्याची गरज नसते, आणि ग्रीसमुळे घर्षण घटून तेवढ्याच पिळात प्लग जास्त ताणला जातो.