लॅपटॉपवर चरे पाडणारी धूळ

लॅपटॉपवर ओरखडा दिसला की आपण किल्ल्यांवर संशय घेतो. किल्ल्यांचा वाटा असतोच, पण झाकणभर पसरलेले बारीक चरे बहुतेकदा बॅगेतल्या धुळीने पाडलेले असतात.

कठीण पदार्थ मऊ पदार्थावर चरा पाडतो. या साध्या नियमावर फ्रीड्रिख मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांची श्रेणी लावली: संगजिरे १, हिरा १०. या श्रेणीत अ‍ॅल्युमिनियम तीनच्याही खाली येतं, पितळेची किल्ली तिनाच्या आसपास. मुंबई ज्या काळ्या बेसॉल्टवर उभी आहे, त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजं मात्र सहाच्या आसपास. इथली खडी याच दगडाची, त्यामुळे बांधकामांवरून उडणाऱ्या धुळीत त्याचा चुरा असतो. वाळूतलं क्वार्ट्झ तर सात. म्हणजे किल्लीपेक्षा धुळीचा कण कितीतरी कठीण!

‘पण माझा लॅपटॉप अ‍ॅनोडाइज्ड आहे,’ असं कोणी म्हणेल. ही प्रक्रिया खरोखर सुंदर आहे. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आम्लाच्या द्रावणात बुडवून त्यातून वीज सोडतात, आणि धातूच्याच पृष्ठभागातून ऑक्साइडचा थर उगवतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत रंग भरून ती बंद करतात. म्हणून हा रंग पापुद्र्यासारखा सोलून निघत नाही. थर कठीण असतो, पण जाडी काही मायक्रॉनच, केसापेक्षाही कितीतरी कमी, आणि खाली धातू मऊ. मऊ भातावर ठेवलेला पापड बोटाने दाबला तर मोडतो, तसं इथे होतं. कडेवर जोरात आपटलं की खालचा धातू दबतो, वरचा थर तडकतो आणि चंदेरी डाग कायमचा राहतो.

उघड्या पडलेल्या धातूवर हवेत लगेच ऑक्साइडचा नवा, अतिशय पातळ पडदा धरतो, त्यामुळे तो लोखंडासारखा गंजत नाही. घामातलं मीठ आणि समुद्राकडून येणारी खारट, दमट हवा मात्र याच पडद्याला भेदते. हाताचा तळवा टेकतो तिथे, विशेषतः पुढच्या कडेला, कधी बारीक खड्डे पडतात ते यामुळे. काम संपल्यावर तेवढी जागा किंचित ओल्या फडक्याने पुसून कोरडी करणं पुरतं. प्लास्टिकच्या लॅपटॉपचा त्रास वेगळा: तिथे खरखरीत पोताचे उंचवटे तळव्याने घासून गुळगुळीत होतात आणि जागा चकाकू लागते. ती चकाकी पुसून जात नाही.

आता बॅग. लॅपटॉपचा कप्पा उलटा करून तळाची शिवण बघा. तिथे करडी, कचकचणारी भुकटी सापडेल. लोकलमध्ये बॅग पोटाशी धरून दादरच्या गर्दीत रेटलं जाताना हीच भुकटी लॅपटॉपवर दाबून घासली जाते. त्यामुळे महागड्या स्लीव्हआधी कप्पा झटकणं महत्त्वाचं. चार्जरही वेगळ्या कप्प्यात हवा.

कडक प्लास्टिकचं कव्हर धक्के झेलतं, पण त्याच्या आत कण शिरले की गाडीच्या प्रत्येक हादऱ्यासरशी ते तिथेच घासत राहतात. अधूनमधून काढून दोन्ही बाजू पुसणार असाल तरच घ्या. मला स्वतःला लॅमिंग्टन रोडवर मिळणारी चिकटणारी व्हिनाइल स्किन जास्त पटते, कारण नीट चिकटली तर खाली कणांना जागाच उरत नाही. लावण्याआधी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा आणि हवेची छिद्रं मोकळी ठेवा.

पुसण्याचाही क्रम असतो. आधी मऊ ब्रशने धूळ उडवा, मग मायक्रोफायबरचं फडकं किंचित ओलं करून हलक्या हाताने फिरवा. कोरड्या फडक्याने जोर लावला तर तेच कण झाकणभर फिरतात. धुण्याचा सोडा किंवा ब्लीच वापरू नका. तीव्र अल्कलीत अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड विरघळतो. फडकं धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, त्याने धागे मेणचट होऊन धूळ धरेनासे होतात.